सव्वीस व्होल्टचा भरवसा

माझ्या दादाचा एकही शर्ट धड नाही. लांबून बघाल तर चांगला पांढराशुभ्र. जवळ या, पोटापाशी बारीक बारीक भोकं. बॅटरीतलं ॲसिड उडतं ते उडताना कळत नाही, सुकल्यावरही कळत नाही, शर्ट पहिल्यांदा धुतला की कळतं. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं घरात उंदीर झालेत. बिचारीने पिंजरा मांडला. आठ दिवस पिंजरा रिकामाच, म्हणून शेवटी नवऱ्याला विचारलं, तर हा म्हणतो, "तो उंदीर मीच."

गावात सगळे त्याला बॅटरीमास्तर म्हणतात. शाळेचं म्हणाल तर सातवी, तीही कशीबशी. वडील गेले तेव्हा तो चौदाचा आणि मी सहाची. आई अंथरुणाला खिळलेली. त्याने दप्तर खुंटीला अडकवलं ते अडकवलंच. दुसऱ्या दिवसापासून एका दुकानात जुन्या बॅटऱ्या फोडून शिशाच्या प्लेटा धुवायला लागला. माझी फी, माझे बूट, पुढे माझं लग्न, सगळं त्या प्लेटांमधून निघालं. हे तो कधी बोलून दाखवत नाही. मी मात्र दाखवते, कारण मला गप्प बसता येत नाही आणि तसं बसायची इच्छाही नाही.

त्याचं स्वतःचं दुकान झालं त्याला आता चाळीस वर्षं होतील. दहा बाय बाराची खोली, लाकडी फळ्यांवर ओळीने चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या. आत गेलात की बुडबुड आवाज, आणि घशाला झोंबणारा आंबट वास. ट्रकवाले, रिक्षावाले, इन्व्हर्टरवाले, सगळे त्याच्याकडे यायचे. तो झाकणं उघडायचा, काचेच्या नळीने प्रत्येक सेलमधलं पाणी ओढून बघायचा आणि शेवटी काट्याचा जुना व्होल्टमीटर लावायचा. काटा हलला की हा निकाल देणार: "निम्मी आहे." "तिसरा सेल गेलाय." "हिला आता घरी नेऊन निरोप द्या." आणि ते बरोबर निघायचं हो! मोठमोठ्या डिग्रीवाल्यांना त्याच्यासमोर मान हलवताना मी पाहिलंय. त्यामुळे त्याने नाकावर कधी माशी बसू दिली नाही. "काटा खोटं बोलत नाही," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

आता माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझे यजमान गेले तेव्हा मुलगा कॉलेजात होता. घरामागे दोन खोल्या होत्या, त्यात मी अंडी उबवायचं मशीन टाकलं. म्हणजे एक मोठं कपाट समजा. आत खण, खणांत अंडी, एक पंखा, एक हीटर. एकवीस दिवस साडेसदतीस अंशाच्या आसपास ऊब धरायची, अंडी फिरवत राहायची, दमट हवा सांभाळायची, की बाहेर पिल्लं. लोक येऊन पिल्लं घेऊन जातात. सोपं वाटतं ना? करून बघा. कोंबडी ते बसल्या जागी करते, तिला कोणी बाई तुझं कौतुक आहे म्हणत नाही, मलाही नाही.

चौदा वर्षं मी हेच केलं आणि मुलाचं शिक्षण काढलं. पण गेल्या दोन वर्षांत आमच्याकडची वीज अशी काही बिघडली की विचारू नका. सहा-सहा तास नाही. जनरेटर होता, तो म्हातारा झाला आणि ऐन वेळी रुसायला लागला. लागोपाठ दोन घाण्या, म्हणजे एका वेळी लावलेली सगळी अंडी, अशा दोनदा गेल्या. गेल्या म्हणजे काय? अठराव्या दिवशी अंड्यामागे दिवा धरला आणि आत काहीच हललं नाही. एकामागून एक, एकामागून एक. तेव्हा मी जमिनीवर बसून रडले, आणि मी रडणारी बाई नाही.

त्यात मुलाचा फोन. मुलगा वाईट नाही माझा, सून तर गुणाची. "आई, बस झालं आता. मशीन विकून टाक आणि इकडे ये." मी जाऊन राहून आलेय तिथे. हॉलमध्ये चपलांच्या कपाटाशेजारी माझा घडीचा पलंग. सकाळी उठले की घडी घालायची, कारण मग जायला-यायला वाट होते. कोणी काही बोलत नाही, उलट सगळे जपतात. पण स्वयंपाकघरात डबा उघडायचा तरी मी विचारून उघडायचे. पाहुणी, आणि ती कायमची. मला ते नको होतं. तरी दुसरी घाणी गेली त्या दिवशी मी शब्द देऊन बसले: "अजून एकदा बघते. हीसुद्धा गेली तर मशीन विकते आणि येते." दादा तेव्हा माझ्या ओट्यावर बसला होता. तो चहा तसाच ठेवून निघून गेला.

तिसऱ्या दिवशी त्याची लेक आली. तिला आम्ही बारकी म्हणतो. आता बापापेक्षा वीतभर उंच आहे, तरी बारकीच. ती सूर्याच्या विजेचं काम करते, गावोगाव छपरांवर पॅनल बसवत आणि बॅटऱ्या जोडत फिरते. बापाला अर्थातच ते सगळं थोतांड वाटायचं. म्हणायचा, "ऊन काय, कोणीही वाळवणाला वापरतं." आली ती गाडीतून चार पॅनल आणि एक काळा डबा घेऊन. म्हणाली, "आत्या, छप्पर दे. बाकी मी बघते."

दादा मदतीला उभा होताच, तोंड वाकडं करून. बारकीने सांगितलं, बाबा तो डबा आत घ्या. आता आमचा मास्तर आयुष्यभर शिशाच्या बॅटऱ्या उचलणारा. कंबर त्यातच गेली. त्याने पाय फाकवले, श्वास कोंडला, कळ सोसायच्या तयारीने डबा धरला आणि जोर लावला. डबा सरळ छातीवर आला आणि हा दोन पावलं मागे.

"अगं, ही रिकामी आहे!"

"भरलेली आहे, बाबा."

"मग पाणी कुठून घालायचं?" त्याने डबा उलटा केला, सुलटा केला, झाकणं शोधली. झाकणं नव्हतीच. नाक लावलं. वास नाही. कान लावला. बुडबुड नाही. "म्हणजे हिला काही खायला-प्यायला नाहीच?"

"नाही. लिथियमची आहे. तुमच्या दुकानातल्या सहा बॅटऱ्यांचं काम ही एकटी करेल, आणि दहा वर्षं तरी करेल."

दादाने डबा खाली ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मला आधी वाटलं चिडला. चिडला नव्हता. पन्नास-एक वर्षं ज्या ओझ्याने कंबर मोडली ते ओझं कोणीतरी काढून टाकलेलं त्याच्या समोर पडलं होतं. मला म्हणाला, "बये, आईशप्पथ, हे आधी का नाही झालं गं?"

बारकीने भिंतीवर एक छोटा पडदा लावला, हिशेब दाखवणारा: आत किती आलं, बाहेर किती गेलं आणि किती टक्के उरलं. जाताना बापाला बजावलं, "बाबा, बॅटरीत किती आहे ते इथे बघायचं. तुमच्या काट्यावर नाही. आणि हिच्यावर फक्त आत्याचं मशीन चालेल. मग तीन दिवस ढग आले तरी चिंता नाही."

"हो हो," दादा म्हणाला. त्याचं हो हो मी ओळखते. ते नाही असतं.

मी चारशे ऐंशी अंडी लावली. सातव्या दिवशी दिवा धरून पाहिली, अडतीस कोरी निघाली ती काढली. राहिली चारशे बेचाळीस. वीज जायची-यायची, मशीनला पत्ताच नसायचा. सूर्य मावळला की मी मशीनवर हात ठेवायचे. बाहेर अंधार, आणि दुपारी छपरावर पडलेलं ऊन माझ्या हाताखाली गरम. मी चौदा वर्षं हे काम केलंय, पण असं कधी वाटलं नव्हतं. दादाही रोज यायचा. निमित्त काहीतरी काढायचा, आणि येऊन त्या डब्याला आपला काटा लावायचा. काटा सव्वीसच्या पुढे. दुपारी सव्वीसच्या पुढे. दुसऱ्या दिवशी पहाटे, रात्रभर मशीन चालवून, तरी सव्वीसच्या पुढे.

"बये, हिला काही लागतच नाही! शिशाच्या दोन बॅटऱ्या जोडल्या आणि काट्यावर साडेपंचवीस आले तर मी तुडुंब म्हणतो. ही सव्वीस सोडत नाही. आटतच नाही गं ही!"

डोळे असे मोठे झाले होते त्याचे. जो माणूस पंधरा दिवसांपूर्वी थोतांड म्हणत होता तो आता दुकानात आलेल्या गिऱ्हाईकाला चहा पाजून लिथियमची कथा ऐकवायचा. वहिनी म्हणाली, "वन्सं, लग्नात माझ्याकडे एवढं बघितलं नव्हतं यांनी."

सतराव्या दिवशी संध्याकाळी वादळ झालं. खांब पडले, ट्रान्सफॉर्मर जळला. लाइनमन येऊन बघून गेला आणि म्हणाला तीन-चार दिवस धरून चाला. आभाळ असं भरलं की दुपारी चारला दिवा लावावासा वाटावा. सगळ्या गल्लीत वीज असलेलं एकच घर, माझं. मला मनात जरा गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू.

आणि इथे आमच्या मास्तरांच्या अंगात दानशूरपणा संचारला. आधी पलीकडच्याच त्याच्या घरातला वहिनीचा फ्रिज, मधल्या भिंतीवरून वायर टाकून. मग गल्लीतल्यांचे मोबाइल. ओट्यावर वीस-वीस मोबाइल लावलेले, आणि हा मधोमध खुर्ची टाकून बसलेला. मग कोणाचा पंखा. मी म्हटलं, "दादा, बारकी काय म्हणाली होती?" त्याने काटा लावून दाखवला. सव्वीसच्या जरासा वर. "बघ. तुडुंब."

"पडद्यावर तर एकेचाळीस टक्के दिसतायत."

"ते खेळणं आहे. काटा खोटं बोलत नाही."

विसाव्या दिवशी सकाळी पडद्यावर एकोणीस होतं. मी पाहिलं. माझ्या या डोळ्यांनी पाहिलं, आणि दादाला सांगितलंही. त्याने काटा लावला, सव्वीसच्या अगदी जवळ. मग मीही गप्प बसले. आजही मला स्वतःचा राग येतो तो त्याचाच. लहानपणापासून दादा म्हणेल ते बरोबर, या सवयीने मी समोरचा आकडा बाजूला सारला.

अकराच्या सुमाराला समोरचा शिंपी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाच्या तरी लग्नाचे कपडे द्यायचे होते. "मास्तर, नुसती इस्त्री फिरवायचीय. अर्धा तास."

"अर्धा काय, तास घे," दादा म्हणाला.

मी मशीनच्या खोलीत होते. विसावा दिवस म्हणजे आमच्या कामातला सगळ्यात नाजूक दिवस. काही अंड्यांचे बारीक टवके उडाले होते, आतून चोच मारायला सुरुवात झाली होती. दार उघडायचं नाही, ऊब हलू द्यायची नाही. मी काचेतून बघत होते. आणि पंखा थांबला.

दिवा मंद नाही झाला. पंखा हळू नाही झाला. होतं ते सगळं एका क्षणात नाहीसं झालं. आणि त्या शांततेत मला आवाज ऐकू आला, पंख्याच्या घरघरीखाली इतका वेळ दबलेला. अंडी बोलत होती. बंद कवचांच्या आतून, शेकड्यांनी, चिवचिव चिवचिव. अजून जन्मलेली नाहीत आणि हाका मारतायत. अंगावर काटा आला माझ्या.

दादा धावत आला. मागे शिंपी, हातात गरम इस्त्री तशीच. दादाने काटा लावला. काटा शून्यावर. त्याने तारा बदलून पाहिल्या, परत लावला. शून्य. काळा डबा गप्प. त्यानेही आता तो आवाज ऐकला. काचेला कान लावून ऐकला आणि माझ्याकडे वळला. असा चेहरा मी त्याचा आई गेली तेव्हाही पाहिला नव्हता.

"बये, मी तुला घालवली," तो म्हणाला.

खरं सांगायचं तर क्षणभर मला वाटलं, हो, घालवलीस. घडीचा पलंग डोळ्यासमोर आला. मग मी ओरडले, "रडायला वेळ नाहीये! बारकीला फोन लाव!" गल्लीभरचे मोबाइल चार्ज केले होते, त्यांचा तेवढा एक उपयोग झाला.

बारकी तीन तासांच्या अंतरावर कुणाच्या तरी छपरावर होती. फोन मीच धरला, स्पीकरवर.

"आत्या, पडद्यावर शेवटचं किती होतं?"

"सकाळी एकोणीस."

"आणि काय काय लावलं होतं?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. मग शिंपी मागून म्हणाला, "इस्त्री."

मग ती शांतपणे बोलली. पोरीने तेव्हा आवाज चढवला नाही, हे मी तिचं कधी विसरणार नाही.

"बाबा, ऐका. शिशाची बॅटरी संपताना सांगत जाते, व्होल्ट कमी कमी होत जातात, म्हणून तुमच्या काट्याला कळतं. ही शेवटपर्यंत चेहरा बदलत नाही. भरलेली असो की संपत आलेली, जवळजवळ तेच व्होल्ट. आणि मग एकदम जाते. हिचा काटा बघायचा नसतो, हिच्यात किती गेलं आणि किती निघालं तेच मोजायचं असतं."

"मेली का गं ती?" दादाने विचारलं. एवढासा आवाज.

"मेली नाही. स्वतःला वाचवायला तिने दार लावून घेतलंय. सगळ्या वायरी काढा, आत्याचं मशीनसुद्धा. पॅनलचा खटका पाडा, परत वर करा. वीस मिनिटं काहीही जोडू नका. जे काही छपरावरून येतंय ते आत जाऊ द्या."

"अगं पण ऊन कुठाय? आभाळ आहे नुसतं!"

"ढगातही ऊन असतं, बाबा. करा सांगते ते."

वीस मिनिटं. मशीनचं तापमान सदतीसवरून छत्तीसवर आलं होतं. वहिनी घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या रजया घेऊन आली आणि मशीनवर टाकायला लागली. मी खेकसले, "वहिनी, वरची भोकं झाकू नकोस, गुदमरतील!" ती बिचारी तशीच रजई हाताने उचलून धरून उभी राहिली, शिंपीही दुसऱ्या टोकाला. दादा भिंतीवरच्या त्या पडद्यासमोर हात जोडल्यासारखे धरून उभा होता. पडदा कोरा. पस्तीस. आतला आवाज मला कमी झाल्यासारखा वाटत होता, किंवा माझेच कान गेले होते. बाराव्या मिनिटाला पडद्यावर एक आकडा उमटला. दादा झडप घालून मशीनची वायर जोडायला गेला, मी त्याचा हात धरला. "वीस म्हणाली ती. वीस." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचा हात धरून त्याला थांबवलं असेल. तो थांबला.

चौतीस अंशावर आम्ही वायर जोडली. पंखा कुरकुरला, आणि फिरला.

पुढचे तीन तास मला कोणी आयुष्यात परत देऊ केले तरी मी घेणार नाही, आणि कोणी काढून घेतो म्हटलं तरी देणार नाही. बॅटरीत काहीच उरलं नव्हतं. छपरावर जे पडत होतं तेच क्षणाक्षणाला खाली येत होतं आणि तसंच मशीनमध्ये जात होतं. दादाने काटा केव्हाच खिशात घातला होता. तो पडद्यासमोर स्टूल टाकून बसला आणि मोठ्याने वाचायला लागला.

"आत सात अँपिअर, बाहेर पाच."

"आत सहा, बाहेर पाच."

ढग दाटला. "आत चार, बाहेर पाच." आम्ही सगळे श्वास धरून. वहिनीने खिडकीतून आभाळाला जे काही सुनावलं ते इथे लिहीत नाही. ढग सरकला. "आत सात!"

मध्येच तो उठून अंगणात गेला. मला वाटलं चक्कर आली की काय, म्हणून मागे गेले. तो आभाळाकडे तोंड करून उभा होता, आणि स्वतःच्या पायाशी बघत होता.

"सावली पडत नाहीये माझी," तो म्हणाला. "बघ ना. एवढंही ऊन नाही की माणसाची सावली पडेल. आणि सात अँपिअर! अगं, त्या सात अँपिअरवर चारशे जीव धरून ठेवलेत. जन्मभर मी हे डब्यात भरत आणि काढत आलो, पण हे येतं कुठून ते मान वर करून कधी पाहिलंच नाही."

मीही वर बघत होते. नुसतं करडं आभाळ, जसं असतं तसं.

तीन वाजता ढग फाटले. आतून दादाची आरोळी आली, "आत तीस! वहिनीला सांगा, आत तीस!" स्वतःच्या बायकोला वहिनी म्हणाला, एवढा हरवला होता. वहिनी रजई टाकून हसत सुटली, आणि मग हसता हसता रडायला लागली, आणि मग आम्ही दोघी.

संध्याकाळपर्यंत रात्र काढण्यापुरतं भरलं. दादा घरी गेला नाही. भिंतीला टेकून पडद्याकडे बघत बसून राहिला, आणि शिंप्याने आपण होऊन गल्लीत सांगितलं की मास्तरांकडे कोणी वायर घेऊन जायचं नाही.

सकाळी बारकी आली. डोळे लाल, स्कूटरवरून थेट. एकविसावा दिवस उजाडला होता. मी मशीनचं दार उघडलं.

आमच्या कामात उघडायच्या आधी अंदाज बांधत नाही, अपशकून वाटतो म्हणून नाही, दुखतं म्हणून. पण खण पुढे ओढला आणि आतून ऊब आणि ओलसर पिसांचा वास आला, आणि खण हलत होता. अख्खा खण जिवंत. काही वाळून पिवळीधमक झालेली, काही ओली, माना टाकून दमलेली, एक तर अर्धं कवच डोक्यावर घेऊन दुसऱ्याच्या पाठीवर चढलेलं. मी मोजायला लागले. बारकी एका बाजूने, मी एका बाजूने. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा जमलं. चारशे बेचाळीसपैकी तीनशे शहाण्णव. शेहेचाळीस गेली, त्यांचं मला वाईट वाटलं, आजही वाटतं. पण तीनशे शहाण्णव! नेहमीच्या विजेवर, चांगल्या दिवसांतसुद्धा, मला कधी एवढी मिळाली नव्हती.

एक पिल्लू मी दादाच्या तळहातावर ठेवलं. ॲसिडने जळून घट्ट झालेला तो पंजा, त्यावर ते उभं राहिलं, पडलं, परत उभं राहिलं. दादा त्याच्याकडे बघत राहिला. बारकीला म्हणाला, "काल दुपारी हे ढगात होतं." बापाच्या खांद्यावर हनुवटी टेकून तीही बघत राहिली.

मग त्याने ते पिल्लू जपून खणात परत ठेवलं. माझ्याकडे न बघता, खणाच्या कडेवरचं टरफल नखाने खरवडत म्हणाला, "मग? कधी निघतेस?"

"कुठे?"

"मुलाकडे. शब्द दिला होतास."

"हीसुद्धा गेली तर, असा दिला होता," मी म्हटलं. "गेली का? आणि मी गेले तर एवढ्यांना पाणी कोण पाजणार, तू? उद्यापासून पुढची अंडी लावायचीत. तू तेवढा पडद्यावर लक्ष ठेव आणि शिंप्याला लांब ठेव."

"हां. मी आपलं सहज विचारलं," दादा म्हणाला, आणि भिंतीला हात लावत लावत तिथेच, टरफलांत, मटकन खाली बसला. त्याला उठवायला वहिनीसकट आम्ही तिघी लागलो.